स्वादुपिंडातून फुप्फुसांकडे

डॉ. डोरोथी अँडरसन यांना सर्जन व्हायचे होते. पण त्या बाई होत्या, म्हणून शल्यविभागातले पुढचे प्रशिक्षण त्यांना नाकारले गेले. त्या पॅथॉलॉजीकडे वळल्या आणि १९३५पासून न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये शवविच्छेदने करू लागल्या. वैद्यकशास्त्राचा त्यात फायदाच झाला. नाकारणाऱ्यांना मात्र त्याचे श्रेय नको.

खाल्लेले अंगी न लागून दगावलेल्या मुलांवर तेव्हा सरसकट 'सीलिअ‍ॅक'चा शिक्का बसे. अशाच एका बालकाचे स्वादुपिंड अँडरसन यांना वेगळे दिसले. त्यात द्रवाने भरलेल्या पोकळ्या होत्या, भोवती वण होते. त्यांनी जुने अहवाल धुंडाळले आणि १९३८ मध्ये ४९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सिस्टिक फायब्रोसिस हा स्वतंत्र आजार म्हणून ओळखला गेला तो इथून.

नाव पडले स्वादुपिंडावरून, पण अनेक मुलांचा जीव जाई फुप्फुसांमुळे. श्वासनलिका चिकट पुवाने तुंबलेल्या असत. स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, म्हणून 'अ' जीवनसत्त्व कमी पडते आणि त्यातून हे होते, असे अँडरसन यांना वाटले. तर्क सरळ होता, पण चुकीचा निघाला. मूळ दोष जनुकात असतो. ते जनुक १९८९ मध्ये सापडले. त्या दोषामुळे पेशींतून क्षार आणि पाणी नीट बाहेर येत नाही, श्लेष्मा घट्ट होतो आणि जिवाणू ठाण मांडतात. आधी बहुधा स्टॅफिलोकोकस, पुढे स्यूडोमोनास. त्यांच्याशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींची विकरे श्वासनलिकेची भिंतच पोखरतात. भिंत सैलावली, की कफ आणखी साचतो.

अँडरसन शवागारात थांबल्या नाहीत. लहान आतड्यात नळी घालून, तिथला रस तपासून जिवंत मुलांत निदान करण्याची पद्धत त्यांनी बसवली. हा आजार आनुवंशिक असल्याचे दाखवले. डॉ. पॉल दि सांत'अग्नेसे यांच्यासोबत पेनिसिलिन आणि सल्फा औषधे छातीच्या संसर्गावर वापरून पाहिली. १९४८च्या उष्णतेच्या लाटेत ही मुले अधिक कोसळतात, हे ध्यानात आले. पुढे दि सांत'अग्नेसे यांनी मुलांच्या घामात जादा मीठ शोधले. घामाची तपासणी आजही निदानाचा आधार आहे.

सुट्टीत अँडरसन आपल्या शेतावर सुतारकाम, गवंडीकाम करत. सिगारेट ओढण्याची सवयही मोठी होती. फुप्फुसाच्या कर्करोगाने ३ मार्च १९६३ रोजी, वयाच्या ६१व्या वर्षी त्यांचे निधन झाले.