चतुरपंडित विष्णु नारायण भातखंडे

इंदूर नगरीस संगीताचा वारसा मोठा. पखवाजाचार्य नाना पानसे होळकर दरबारी होते. बीनकार बंदे अली खाँ यांचेही वास्तव्य येथे घडले. नानांचा बाज शिष्यपरंपरेने पुढे चालला. बंदे अलींची बीन मात्र ज्यांनी ऐकली ते गेले, आणि त्यांच्यासवे तीही गेली. विद्या कंठात राहते तोवर ती जिवंत असते हे खरे. पण कंठ नश्वर आहे. ह्या नश्वरतेशी ज्यांनी आयुष्यभर झुंज घेतली, त्या पं. विष्णु नारायण भातखंडे यांचे चरित्र माळव्यातील रसिकांनी म्हणूनच अवश्य आठवावे असे आहे.

त्यांचा जन्म मुंबईस वाळकेश्वरी, १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीस झाला. एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण, १८८७ साली कायद्याची पदवी, काही काळ कराचीस वकिली, असा त्यांचा लौकिक क्रम. पारशी गृहस्थांनी चालविलेल्या गायन उत्तेजक मंडळीत ते १८८४ मध्ये दाखल झाले. तेथे रावजीबुवा बेलबागकरांकडून त्यांस धृपदांची तालीम मिळाली. १९०० साली पत्नी आणि १९०३ साली एकुलती एक कन्या निवर्तली. त्यानंतर संसार उरला नाही. पुढील वर्षीच त्यांनी दक्षिणेची वाट धरली.

मद्रास, तंजावर, मदुरा करीत ते एट्टयपुरम् येथे वृद्ध पंडित सुब्बराम दीक्षित यांच्या दारी पोहोचले. वेंकटमखीच्या ‘चतुर्दंडिप्रकाशिके’तील बहात्तर मेलांची व्यवस्था त्यांस दक्षिणेतच हाती लागली. उत्तरेतील रागांचे दहा थाट त्यांनी पुढे मांडले, त्यांस ह्या विचाराचे फार साहाय्य झाले. १९०७ मध्ये नागपूर, हैदराबाद, विजयनगरम्, कलकत्ता. १९०८ मध्ये प्रयाग, काशी, मथुरा, जयपूर, बिकानेर. प्रत्येक गावी पंडितांस भेटावे, ग्रंथ मागावे, वाद करावा आणि सारे रोजनिशीत टिपून ठेवावे. त्या रोजनिश्यांत त्यांचा वकिली स्वभाव लपत नाही. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसे ते बुजुर्ग गवयांस प्रश्न विचारीत, आणि ग्रंथाचे नाव घेऊन ग्रंथ न दाखविणाऱ्याविषयी त्यांची लेखणी कठोर होई. कधी कधी ती अन्यायाकडे झुकते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ज्याने शास्त्र वाचले नाही त्याच्या गळ्यात शास्त्र नसतेच, असे कसे म्हणावे?

परंतु त्याच गळ्यांपुढे ते विद्यार्थी होऊन बसले, ही गोष्टही तितकीच खरी. घराण्याची चीज म्हणजे घरचा ठेवा. तो पुत्रास वा जामातास द्यावा, परक्यास नव्हे, अशी रीत. जयपूरचे महंमद अली खाँ आणि त्यांचे पुत्र आशक अली व अहमद अली यांच्याकडून मनरंग घराण्याच्या शेकडो चिजा भातखंडे यांनी मिळविल्या. पुत्रांचे गायन त्यांनी फोनोग्राफच्या मेणाच्या नळ्यांवर घेऊन ठेविले होते. ग्वाल्हेरच्या एकनाथ पंडितांकडून ख्याल घेतले. रामपुरास नबाब हमीद अली खाँ आणि त्यांचे उस्ताद वजीर खाँ यांच्या परंपरेचे त्यांनी रीतसर शिष्यत्व पत्करले, तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे गेले होते.

मिळालेली चीज जशीच्या तशी उतरावी कशी? भातखंडे यांनी लेखनपद्धती सोपी ठेविली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या माथ्यावर उभी. मंद्र स्वराखाली बिंदू, तार स्वरावर बिंदू. समेस फुली, खालीस शून्य. आमच्या वैदिक संहितेत अनुदात्ताखाली आडवी व स्वरितावर उभी रेघ असते, ती पाहिलेल्या डोळ्यास ही खूण परकी वाटत नाही. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत अशा सुमारे १,८०० चिजा आल्या. शास्त्रविचार मात्र त्यांनी प्रथम संस्कृतात मांडला. ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा श्लोकबद्ध ग्रंथ चतुरपंडित ह्या नावाने आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा चार भागांचा मराठी ग्रंथ विष्णुशर्मा ह्या नावाने निघाला. स्वतःचे नाव त्यांनी मागेच ठेविले.

आक्षेप आले, आणि ते सारेच पोकळ नव्हते. छापील चीज हा सांगाडा होय; मींड, श्वास, ठहराव कागदावर उतरत नाही, असे गवई म्हणत. वेदपाठकास ही गोष्ट निराळी सांगावयास नको. पोथी समोर असूनही संथा गुरुमुखातूनच घ्यावी लागते. पण पोथी नसती तर किती शाखा आज नावापुरत्याही उरल्या नसत्या! भातखंडे यांनी गुरूस पर्याय शोधला नाही, हे त्यांनी उभारलेल्या विद्यालयांवरून दिसते. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. माधवराव शिंदे यांनी आपले गायक मुंबईस पाठवून त्यांच्याकडून तयार करविले आणि १९१८ साली ग्वाल्हेरीस संगीत विद्यालय काढले. लखनौचे कॉलेज १९२६ चे. त्याच्या उभारणीसंबंधी राय उमानाथ बली यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. आज ते भातखंडे यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे.

१९३३ साली अर्धांगवायूने त्यांस अंथरुणास खिळविले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीस, त्यांनी मुंबईत देह ठेविला. मालिकेचे अखेरचे भाग तेव्हा छापून व्हावयाचे होते. ते त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले, आणि लखनौच्या विद्यालयाची धुरा शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी पुढे कित्येक वर्षे वाहिली.