डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे अल्प चरित्र

बडनेऱ्यास गाडीत बसून मुंबईच्या टाटा रुग्णालयाकडे कोणीच गेलेले नाही, असे गाव आपल्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यात क्वचितच सापडेल. त्यांपैकी कित्येकांचे दुखणे गालाच्या आतल्या बाजूस, जेथे खर्र्याचा बार तासन्‌तास दाबून ठेवलेला असे, तेथेच उद्भवलेले असते. सवय आणि रोग यांचा हा संबंध ज्यांनी आपल्या देशात शास्त्राच्या कसोटीस लावून दाखविला, त्या डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

डॉक्टरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. लंडन विद्यापीठात विकृतिशास्त्राचा अभ्यास करून १९२३ साली त्यांनी एम्. डी. ही पदवी संपादन केली. स्वदेशी परतल्यावर मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी अध्यापन केले. रोग्याच्या देहातून काढलेला मांसाचा कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोगाचे स्वरूप ठरविणे, हे त्यांचे शास्त्र. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले, आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

कर्करोग हा धनाढ्य पाश्चात्त्य राष्ट्रांचा रोग असून हिंदुस्थानात तो विरळा, असा समज त्या काळी प्रचलित होता. डॉक्टरांनी वाद घालण्याऐवजी रुग्णांच्या नोंदी उघडल्या. १९४४ साली त्यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढल्याच वर्षी एका सहकाऱ्यासह त्यांनी चालीरीतींतून उपजणारे तीन कर्करोग जगापुढे मांडले. आंध्रात चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूस होणारा तो एक. चुन्यात मळलेली तंबाखू खालच्या ओठाआड ठेवणाऱ्यांस होणारा तो दुसरा. आणि धोतराच्या आवळलेल्या गाठीच्या नित्य घर्षणाने कमरेच्या त्वचेस होणारा तो तिसरा.

याहून मोठी गोष्ट त्यांनी मुंबईतच दाखविली. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा अधिक. नगर एक, हवा एक, पाणी एक. मग रोग निरनिराळा का? याचे उत्तर बव्हंशी राहणीत शोधावयास हवे, हे उघड झाले. लंडनमध्ये १७७५ साली पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या कर्करोगाचे कारण काजळीत दाखविले होते. त्याच परंपरेतील हे कार्य होय. जे कारण ओळखता येते, ते टाळताही येते.

१९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, त्याचे ते संस्थापक-संचालक. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांच्यासारखे संशोधक त्यांच्या हाताखाली तयार झाले. कुष्ठरोगावरही त्यांनी पुष्कळ परिश्रम घेतले. कर्करोगविरोधी आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्षपद, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि पद्मभूषण हे बहुमान त्यांस लाभले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे देहावसान झाले.

हे चरित्र धर्मगुरूने का सांगावे, असे कोणी विचारील. रुग्णाच्या उशाशी बसून, ही परमेश्वराची इच्छा, असे मी अनेकदा बोललो आहे. डॉक्टरांचे कार्य समजून घेतल्यापासून ते शब्द माझ्या ओठांवर अडतात. प्रत्येक रुग्ण आपल्या सवयीमुळेच आजारी पडतो, असे मुळीच नव्हे. आणि जो पडला, त्यास दोष देणे हा आपला धर्म नव्हे. परंतु जे आपल्याच हातांनी घडले, ते परमेश्वराच्या माथी मारणे हाही धर्म नव्हे.

देश झपाट्याने पुढे गेला, तशी तंबाखूही बटव्यातून निघून रंगीत पुडीत शिरली. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यास बंदी झाली; खर्रा मात्र अजून शाळकरी मुलांच्या खिशात सापडतो. तेव्हा प्रिय बंधुभगिनींनो, एवढीच विनंती. महोत्सवाच्या भोजनानंतर पानसुपारीचे आणि तंबाखूचे तबक फिरविण्याची आपली जुनी चाल यंदा मोडावी. त्या तबकात गूळ आणि शेंगदाणे ठेवावेत. डॉक्टरांचे याहून साधे स्मारक मला सुचत नाही.