अल कपोन

अल कपोन (पूर्ण नाव: आल्फॉन्स गॅब्रिएल कपोन, १७ जानेवारी १८९९ – २५ जानेवारी १९४७) हा अमेरिकेच्या शिकागो शहरातील संघटित गुन्हेगारी टोळीचा प्रमुख होता. दारूबंदीच्या काळात चोरट्या दारूच्या व्यापारातून त्याने अमाप संपत्ती व सत्ता मिळवली. १९३० साली शिकागोतील एका नागरी संस्थेने 'पब्लिक एनिमी' म्हणजेच जनशत्रूंची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात कपोनचे नाव अग्रस्थानी होते.

पूर्वायुष्य

कपोनचा जन्म न्यू यॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. त्याचे आईवडील इटलीतील नेपल्सच्या परिसरातून आलेले स्थलांतरित होते. वडील केशकर्तनाचा व्यवसाय करीत. वयाच्या चौदाव्या वर्षी शिक्षिकेवर हात उगारल्यावरून त्याची शाळा कायमची सुटली. पुढे तो स्थानिक टोळ्यांत वावरू लागला. एका मद्यालयात काम करीत असताना झालेल्या भांडणात त्याच्या डाव्या गालावर वार झाले. त्या व्रणांमुळे त्याला 'स्कारफेस' हे टोपणनाव मिळाले, जे त्याला स्वतःला मुळीच आवडत नसे. १९१८ साली त्याने मे कफलिन हिच्याशी विवाह केला. त्यांना एक मुलगा होता.

शिकागोतील उदय

जानेवारी १९२० मध्ये अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी लागू झाली. कायद्याने दारू बंद झाली, तरी मागणी कायम राहिली आणि हा सारा व्यवसाय टोळ्यांच्या हाती गेला. याच सुमारास कपोन शिकागोत जॉनी टोरिओ या टोळीप्रमुखाच्या हाताखाली आला. मद्यनिर्मिती, जुगार व वेश्याव्यवसाय ही टोळीच्या उत्पन्नाची मुख्य साधने होती. १९२४ साली शिकागोलगतच्या सिसेरो या गावातील निवडणुकीत टोळीने मतदारांवर दहशत बसवली. त्या दिवशी पोलिसांच्या गोळीबारात कपोनचा भाऊ फ्रँक मारला गेला. १९२५ साली टोरिओवर प्राणघातक हल्ला झाला. त्यातून वाचल्यावर त्याने कारभार कपोनकडे सोपवला. त्या वेळी कपोन २६ वर्षांचा होता. पोलीस व राजकारणी यांना पैसे चारून त्याने आपले साम्राज्य सुरक्षित राखले.

१४ फेब्रुवारी १९२९ रोजी नॉर्थ क्लार्क स्ट्रीटवरील एका गॅरेजमध्ये प्रतिस्पर्धी बग्ज मोरान टोळीशी संबंधित सात जणांना भिंतीशी उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. मारेकऱ्यांपैकी काहींनी पोलिसांचा गणवेश घातला होता. कपोन त्या दिवशी फ्लोरिडात होता. या हत्याकांडासाठी कोणालाही शिक्षा झाली नाही, मात्र लोकमत कपोनच्या विरोधात गेले.

जनशत्रूंची यादी

शिकागो क्राइम कमिशन ही उद्योजक व व्यावसायिकांनी १९१९ साली स्थापन केलेली खाजगी संस्था होती. तिचे अध्यक्ष फ्रँक लोश यांच्या पुढाकाराने एप्रिल १९३० मध्ये २८ गुन्हेगारांची नावे 'पब्लिक एनिमी' म्हणून जाहीर करण्यात आली. साक्षीदार भीतीने गप्प राहत आणि यंत्रणा विकली गेलेली असे, अशा शहरात गुन्हेगारांना निदान लोकांच्या नजरेत उघडे पाडावे, हा यामागील हेतू होता. हे बिरुद कोणत्याही न्यायालयाने दिलेले नव्हते आणि त्यामुळे कोणालाही तुरुंगात धाडता येत नव्हते. कपोनने स्वतःची दानशूर प्रतिमा जपण्याचाही प्रयत्न केला. महामंदीच्या काळात त्याने बेरोजगारांसाठी मोफत अन्नछत्र चालवले.

खटला व कारावास

बेकायदेशीर उत्पन्नावरही आयकर भरावा लागतो, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली दिला होता. कोषागार विभागाचे अधिकारी फ्रँक विल्सन यांनी जुगारअड्ड्यांच्या हिशेबवह्या तपासून कपोनचे उत्पन्न सिद्ध करणारे पुरावे गोळा केले. न्यायाधीश जेम्स विल्करसन यांनी ऐनवेळी संपूर्ण ज्यूरी बदलली, त्यामुळे ज्यूरीवर दबाव आणण्याचा मार्ग बंद झाला. ऑक्टोबर १९३१ मध्ये करविषयक पाच आरोपांत दोषी ठरलेल्या कपोनला ११ वर्षांचा कारावास व ५०,००० डॉलर दंड ठोठावण्यात आला. ज्याच्यावर अनेक खुनांचा ठपका होता, तो माणूस अखेर हिशेबाच्या वह्यांमुळे सापडला.

तो प्रथम अटलांटा येथील व १९३४ पासून अल्काट्राझ बेटावरील तुरुंगात होता. १९३३ अखेर दारूबंदी उठली आणि त्याच्या साम्राज्याचा पायाच नाहीसा झाला. उपदंशामुळे त्याची बुद्धी क्षीण होत गेली. नोव्हेंबर १९३९ मध्ये सुटका झाल्यावर त्याने उरलेले आयुष्य फ्लोरिडातील पाम आयलंड येथे घालवले. तेथेच वयाच्या ४८ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

शब्दप्रयोगाचा प्रवास

'जनशत्रू' ही कल्पना कपोनपेक्षा फार जुनी आहे. इ.स. ६८ मध्ये रोमन सिनेटने सम्राट नीरोला असेच घोषित केले होते. नॉर्वेजियन नाटककार हेन्रिक इब्सेन यांच्या १८८२ च्या नाटकात दूषित पाण्याविषयी सत्य सांगणारा डॉक्टरच जनशत्रू ठरतो. त्यावर सत्यजित राय यांनी 'गणशत्रू' (१९८९) हा बंगाली चित्रपट केला. शिकागोच्या यादीनंतर १९३१ साली जेम्स कॅग्नी यांची भूमिका असलेला 'द पब्लिक एनिमी' हा चित्रपट आला आणि १९३४ साली दरोडेखोर जॉन डिलिंजर यालाही 'पहिल्या क्रमांकाचा जनशत्रू' म्हटले गेले.

१९८० च्या दशकात न्यू यॉर्कजवळील लाँग आयलंड येथे स्थापन झालेल्या, चक डी यांच्या रॅप संगीतसमूहाने 'पब्लिक एनिमी' हेच नाव घेतले. बंदुकीच्या नेमात सापडलेली मानवाकृती हे त्याचे बोधचिन्ह आहे. कृष्णवर्णीयांकडे गुन्हेगार म्हणून पाहणाऱ्या व्यवस्थेला या समूहाने आपल्या राजकीय गीतांतून आव्हान दिले. कपोनला हे नाव इतरांनी दिले होते. या समूहाने ते निषेध म्हणून स्वतःहून धारण केले. त्यामुळे जनशत्रू कोण, या प्रश्नासोबतच तो कोणी ठरवायचा, हा प्रश्नही या शब्दाशी जोडला गेला.