शिशाचं बूच

स्टीम इंजिन म्हटलं की आपण डोळे मिटून जेम्स वॅटचं नाव घेतो. (न्यूकोमेनचं इंजिन त्याच्या कितीतरी आधीचं, १७१२ चं, पण ते असो.) मला लिहायचंय ते वॅटच्या एका प्रतिस्पर्ध्याबद्दल, रिचर्ड ट्रेव्हिथिकबद्दल. मेकॅनिकलवाल्यांना तो रेल्वे इंजिनामुळे माहीत असतो. मला तो आवडतो बॉयलरमधल्या एका एवढ्याशा बुचामुळे.

जन्म १७७१ चा, इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये. गडी सहा फूट दोन इंच उंच, कुस्तीत पटाईत, शाळेत मात्र यथातथाच. आजूबाजूला सगळ्या तांब्याच्या आणि कथिलाच्या खाणी. खाणीतलं पाणी उपसायला इंजिन हवं आणि कोळसा तर तिथे मिळतच नाही, तो वेल्सहून जहाजाने यायचा. म्हणजे कमी कोळसा खाणारं इंजिन जो देईल तो राजा! वॅट कमी दाबाची वाफ वापरायचा, जास्त दाबाला त्याचा सक्त विरोध. ट्रेव्हिथिकने नेमकी तीच वाट धरली. बॉयलर छोटा झाला, कंडेन्सर गेला आणि इंजिन चाकांवर बसण्याइतकं हलकं झालं.

१८०१ च्या ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी त्याची 'पफिंग डेव्हिल' नावाची वाफेची गाडी माणसं घेऊन कॅम्बॉर्नचा चढ चढली. काही दिवसांतच ती रस्त्यात बंद पडली. मंडळींनी ती एका छपराखाली ढकलली आणि जवळच्या खानावळीत जेवायला बसली. भट्टी विझवायची राहिली ती राहिलीच. बॉयलरमधलं पाणी आटलं, लोखंड तापून लाल झालं आणि गाडी जळून खाक.

यात निदान कोणी मेलं नाही. १८०३ मध्ये ग्रिनिचला त्याचं एक पंपाचं इंजिन फुटलं आणि चार माणसं गेली. इंजिन सांभाळणारा पोरगा ईल मासे पकडायला गेला होता. दुसऱ्याच एका मजुराने इंजिन थांबवलं, पण सेफ्टी व्हॉल्व्ह दाबून ठेवलेला तसाच राहिला. वॅटच्या कंपनीला आयतंच कोलीत मिळालं.

आता दुसरा कोणी असता तर कामगारांवर खापर फोडून मोकळा झाला असता. ट्रेव्हिथिकनेही निष्काळजीपणाचा मुद्दा मांडलाच, पण डिझाइनसुद्धा बदललं. एकाऐवजी दोन सेफ्टी व्हॉल्व्ह दिले, त्यातल्या एकाला कामगाराने हातच लावायचा नाही. शिवाय पाण्याच्या पातळीसाठी शिशाचं बूच. आपण वायवाला ज्याला फ्यूजिबल प्लग म्हणतो तेच हे.

गंमत बघा. हे बूच भट्टीच्या वरच्या पत्र्यात, कमीत कमी पातळीच्या जरा खाली बसवतात. ५० पौंड दाबाला पाणी साधारण १५० अंशांना उकळतं, शिसं वितळतं ३२७ ला. वर पाणी आहे तोवर बूच शाबूत. पाणी खाली गेलं की ते उघडं पडतं, वितळतं आणि वाफ थेट आगीवर सुटते. दाब उतरतो आणि फुसकाऱ्याने झोपलेला माणूसही जागा होतो. गेज ग्लासकडे कोणीतरी बघावं लागतं, शिवाय त्याची खालची वाट गाळाने तुंबली तर पाणी नसतानाही नळी भरलेली दिसते. बुचाकडे कोणी बघायची गरज नाही. अर्थात त्यावर क्षार साचले तर तेही वेळेवर वितळत नाही, म्हणून ठरावीक काळाने बदलावं लागतं. आणि पातळी गेलेली दिसली म्हणून घाईने गार पाणी सोडायचं नाही हं! लाल पत्र्यावर पाणी पडलं की क्षणात वाफेचा भडका. आधी आग काढायची.

पुढे १८०४ मध्ये वेल्समध्ये पेनिडॅरनला त्याच्या इंजिनाने १० टन लोखंड आणि ७० माणसं रुळांवरून ओढून नेली. पैसा मात्र हाती टिकला नाही. १८१६ ला चांदीच्या खाणींसाठी पेरूला गेला, तिथे युद्धात सगळं गमावलं. परतताना कोलंबियात रॉबर्ट स्टीफन्सन भेटला, त्याने प्रवासाला ५० पौंड दिले. पार्लमेंटकडे मदतीचा अर्ज केला, तो नामंजूर झाला.

१८३३ च्या एप्रिलमध्ये डार्टफर्डला तो वारला, तेव्हा खिसा रिकामा होता. तिथल्या कारखान्यातल्या कामगारांनी वर्गणी काढून त्याला पुरलं. त्या काळी प्रेतं चोरीला जायची, म्हणून रात्री थडग्यापाशी पहाऱ्याला एक माणूसही त्यांनीच पैसे देऊन ठेवला.