नांगरावरचं नाव

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठी लिहिताना वेलांट्या चुकतात. आधीच माफी मागतो.

फर्स्ट इयरला लॅबमध्ये मला रेझिस्टरच्या रंगपट्ट्या वाचता येईनात. लाल काय, तपकिरी काय, सारखंच. डॉक्टर म्हणाले, कलर ब्लाइंड. लोको पायलट व्हायचं ठरवलेलं (घर भुसावळला, दुसरं काय सुचणार!), ते तिथंच संपलं.

मग लायब्ररीत लक्ष्मणराव किर्लोस्कर सापडले. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. वडिलांची इच्छा नसताना चित्रकलेसाठी मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, आणि तिथं कळलं की काही रंग आपल्याला ओळखूच येत नाहीत. गडी घरी परतला नाही. मेकॅनिकल ड्रॉइंग शिकला, पुढे व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागला. बढतीत डावललं तेव्हा नोकरी सोडून बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान. नंतर कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज! दोन वर्षं नांगर पडून. आपण एक बॅकलॉग राहिला तर मेसमध्ये जेवत नाही.

बेळगावची जागा गेली, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं. तिथं १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तर कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले. मला तर हे सगळ्यात भारी वाटतं.

न्यूयॉर्कच्या मॉट नावाच्या घड्याळवाल्यांचं, १७८९ साल घातलेलं एक टोकन आहे. तांब्याचं, वर घड्याळाचं चित्र आणि धंद्याची माहिती. पैशासारखं हातोहात फिरायचं, जाहिरात आपोआप. लक्ष्मणरावांच्या कारखान्याचं नाव तसंच नांगराबरोबर शेतोशेत फिरलं. १९२० मध्ये त्यांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं, ते पुढे मोठं मासिक झालं. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले.

धुळ्याजवळ मामांच्या गोठ्यात असाच एक नांगर आहे, गंजलेला, पण अक्षरं बोटाला लागतात. मामा भंगारात देणार होते. म्हटलं, मामा, राहू द्या ना. आता तो हॉस्टेलवर आणायचाय, फक्त रेक्टर सरांनी परवानगी द्यावी.