पंडित हृदयनाथ कुंझरू

श्रीरामपुरात मुलींच्या शाळेत छात्रसेनेची तुकडी निघावी असे मी म्हणते, तेव्हा चर्चा होते ती गणवेशाची! म्हणून ज्यांच्या अहवालातून ही सेना उभी राहिली, त्यांच्याविषयी थोडे लिहिते.

कुंझरूंचा जन्म १८८७ चा. गोखल्यांनी पुण्यात काढलेल्या भारत सेवक समाजाला त्यांनी आयुष्य वाहिले. तरुणपणीच पत्नी वारली. पुन्हा लग्न केले नाही. १९४६ च्या समितीचे ते अध्यक्ष. मुलींचा स्वतंत्र विभाग त्या समितीनेच सुचविला होता, मागाहून कोणी चिकटविलेला नव्हे. १९४८ साली छात्रसेना निघाली आणि १९४९ मध्ये मुलीही कवाइतीला उभ्या राहिल्या. १९६८ साली देऊ केलेले भारतरत्न त्यांनी नाकारले. १९७८ साली ते निवर्तले.