जॉन लॉकवुड किपलिंग

जॉन लॉकवुड किपलिंग (६ जुलै १८३७ – जानेवारी १९११) हे इंग्रज मृत्तिकाशिल्पी, वास्तुशिल्पकार, चित्रकार, कलाशिक्षक आणि संग्रहालयाचे अभिरक्षक होते. १८६५ ते १८७५ या काळात त्यांनी मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत (जे. जे. स्कूल ऑफ आर्ट) वास्तुशिल्पाचे अध्यापन केले. त्यानंतर १८९३ पर्यंत ते लाहोरच्या मेयो कलाशाळेचे प्राचार्य आणि तेथील संग्रहालयाचे अभिरक्षक होते. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावरील उठावशिल्पे आणि मंडईच्या आतील कारंजे यांचे शिल्पकाम हे त्यांचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक काम होय. मराठी वाचकाला ते बहुधा लेखक रुडयार्ड किपलिंग यांचे वडील म्हणूनच ठाऊक असतात. तथापि इमारतीवरचा अलंकार कोठून यावा आणि तो कोणाच्या हातून घडावा, या प्रश्नाचा भारतात राहून त्यांच्याइतका दीर्घकाळ विचार करणारे युरोपीय कलाशिक्षक थोडेच झाले.

ते रूढ अर्थाने वास्तुविशारद नव्हते. इमारतीचे आराखडे इतरांचे असत. भिंत, कमान, स्तंभशीर्ष आणि छत यांवर उमटणारे काम मात्र त्यांच्या विचाराने होई. हा भेद लक्षात न घेतल्याने मुंबईतील अनेक इमारतींचे श्रेय सरसकट त्यांच्या नावावर टाकले जाते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या (पूर्वीचे व्हिक्टोरिया टर्मिनस) नक्षीबद्दलही असेच सांगितले जाते. त्या इमारतीचे बांधकाम १८७८ मध्ये सुरू झाले आणि त्यापूर्वी तीन वर्षे किपलिंग मुंबई सोडून गेले होते. तेथील शोभाकामात कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा वाटा आहे, पण तो जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखालचा.

पूर्वायुष्य

किपलिंग यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यातील पिकरिंग येथे झाला. वडील जोसेफ किपलिंग मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. शालेय शिक्षणानंतर लॉकवुड यांनी स्टॅफर्डशरमधील बर्स्लेम येथे पिंडर, बोर्न आणि कंपनी या कुंभकामाच्या कारखान्यात उमेदवारी केली आणि तेथील कलाशाळेत चित्रकलेचे धडे घेतले. हा सारा परिसर भट्ट्यांचा आणि मातीचा. त्यांचे पुढचे सारे विचार या उमेदवारीतून उगवलेले दिसतात.

पुढे लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाच्या (आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय) नव्या इमारतीच्या शोभाकामावर ते रुजू झाले. गॉडफ्री साइक्स यांच्या देखरेखीखाली ही इमारत भाजलेल्या मातीच्या, म्हणजे टेराकोटाच्या, शिल्पांनी मढवली जात होती. दगड कोरताना चूक झाली तर ती लगेच दिसते. मातीत ती भट्टीतून बाहेर पडेपर्यंत दडून राहते. वाळताना आणि भाजताना माती आकसते, जाड तुकडा तडकतो, म्हणून मोठे शिल्प तुकड्यातुकड्यांत आणि मागून पोकळ करावे लागते. एकाच साच्यातून शेकडो तुकडे काढता येतात, हा या माध्यमाचा लाभ आणि हाच त्याचा धोका. साचा निर्जीव असेल तर तो निर्जीवपणाही शेकडो पटींनी वाढतो. या संग्रहालयाच्या आतील चौकातील एका कुट्टिमचित्रात तेथे काम करणाऱ्यांच्या समूहात किपलिंग यांचीही आकृती आहे.

१८६३ मध्ये स्टॅफर्डशरमधील रुडयार्ड तलावाकाठी त्यांची ॲलिस मॅकडोनाल्ड यांच्याशी ओळख झाली. मार्च १८६५ मध्ये दोघांचा विवाह झाला आणि लगेच ते मुंबईस निघाले. ॲलिस यांच्या एका बहिणीचे पती चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स, तर दुसरीचे एडवर्ड पॉइंटर होते.

मुंबईतील दहा वर्षे

किपलिंग मुंबईत उतरले तेव्हा शहराचे रूप पालटत होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेल्या अफाट भावाने शहरात पैसा आला होता, गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचे तट पाडले गेले होते आणि मोकळ्या झालेल्या जागेवर सार्वजनिक इमारतींची मालिका उभी राहणार होती. १८६५ मध्येच युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि अनेक पेढ्या बुडाल्या. इमारतींचे संकल्प मात्र पुढे चालू राहिले. त्यांना नक्षीकाम करणारे हात हवे होते आणि ते पुरवण्याची अपेक्षा कलाशाळेकडून होती.

सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून ही शाळा १८५७ मध्ये सुरू झाली होती. शोभाचित्रणासाठी जॉन ग्रिफिथ्स, धातुकामासाठी हिगिन्स आणि वास्तुशिल्पासाठी किपलिंग अशा तीन अध्यापकांच्या कार्यशाळा १८६६ पासून तेथे चालू लागल्या. किपलिंग यांच्या कार्यशाळेतील पद्धत मातीपासून सुरू होई: आधी मातीत नमुना, त्यावरून प्लास्टरचा साचा आणि मग दगडावर कोरीवकाम. मुंबईतील गॉथिक इमारतींत कठीण दगडाच्या भिंती आणि कोरण्यास मऊ असा पोरबंदरी दगड यांची जोडी सर्रास दिसते. पाने, फुले, पक्षी, प्राणी यांना वाव मिळे तो बहुधा या मऊ दगडात.

क्रॉफर्ड मार्केट हे या काळातील त्यांचे महत्त्वाचे काम. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या पुढाकाराने बांधलेली ही मंडई १८६९ मध्ये पूर्ण झाली. वास्तुविशारद विल्यम इमर्सन होते. कुर्ल्याचा पिवळसर दगड आणि वसईचा तांबडा दगड यांनी बांधलेल्या या इमारतीची धाटणी युरोपीय आहे, पण प्रवेशद्वारावरील किपलिंग यांच्या उठावशिल्पांत ग्रीक देवता किंवा रोमन सेनापती नाहीत. तेथे शेतात राबणारी भारतीय माणसे आहेत. मंडईत जो माल विकला जातो तो पिकवणाऱ्यांना दारावर जागा देणे ही आज सहज सुचणारी गोष्ट वाटते. प्लास्टरच्या ग्रीक-रोमन प्रतिकृती समोर ठेवून चित्रकला शिकवली जाण्याच्या त्या काळात ती तशी नव्हती. या मंडईला पुढे महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. शेतकऱ्याच्या दैन्याविषयी आयुष्यभर लिहिणाऱ्या जोतीरावांच्या नावाखाली ही शिल्पे आली, हा योगायोग शिल्पकाराच्या कल्पनेपलीकडचा आहे.

कलाशाळेच्या आवारात किपलिंग कुटुंब राहत असे. ३० डिसेंबर १८६५ रोजी रुडयार्ड यांचा जन्म तेथेच झाला. आवारात आज दाखवला जाणारा बंगला मात्र नंतरच्या काळातील आहे. १८७१ मध्ये रुडयार्ड आणि धाकटी बहीण ॲलिस (ट्रिक्स) यांना शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये साउथसी येथे परक्या घरी ठेवून पतिपत्नी मुंबईस परतले. मुलाने पुढे या ताटातुटीविषयी फार कडवटपणे लिहिले.

या दशकाच्या अखेरीस शाळेत जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने झिलईदार कुंभकामही सुरू झाले. महाराष्ट्रातील कुंभाराचे परंपरागत भांडे बिनझिलईचे. निळ्या-हिरव्या झिलईची परंपरा सिंध आणि मुलतानकडची. त्यामुळे सिंधी कारागिरांची मदत घ्यावी लागली. ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते. तेथील आकृतीही या भांड्यांवर उतरल्या. युरोपात अशा भांड्यांना गिऱ्हाईक मिळाले. पण एका प्रांताचे तंत्र आणि दुसऱ्या प्रांताच्या गुहेतील आकृती यांची ही सांगड बाजारासाठी घातलेली होती. किपलिंग यांनी पुढे लाहोरमध्ये धरलेली वाट हिच्यापासून बरीच दूर जाते.

कारागिरांची रेखाटने

१८७० च्या सुमारास सरकारने त्यांना उत्तर भारतात फिरून कारागिरांची चित्रे काढण्याचे काम दिले. या रेखाटनांचा मोठा संच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. लाकूड कोरणारा, कापूस साफ करणारा, विणकर असे कामात गढलेले लोक त्यांत दिसतात. त्या काळी हिंदुस्थानातील कलावस्तू प्रदर्शनांतून मांडल्या जात त्या कर्त्यापासून तुटलेल्या: पेटी दिसे, सुतार दिसत नसे. किपलिंग यांच्या रेखाटनांत मांडी घालून बसण्याची रीत, पायाच्या अंगठ्याचा आधार, हाताशी ठेवलेली हत्यारे यांना वस्तूइतकेच महत्त्व आहे. अलंकार हा हात, हत्यार आणि बैठक यांतून जन्मतो, ही त्यांची पुढची भूमिका या फिरतीत पक्की झाली असे मानण्यास जागा आहे.

लाहोर

अंदमानात १८७२ मध्ये मारले गेलेले व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या स्मरणार्थ १८७५ मध्ये लाहोर येथे कलाशाळा स्थापन झाली (आजचे नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्स). किपलिंग तिचे पहिले प्राचार्य झाले. शाळा आणि संग्रहालय एकाच माणसाच्या हाती असल्याने संग्रहातील वस्तू वर्गात येत आणि विद्यार्थी संग्रहालयात जात. विद्यार्थी निवडताना सुतार, लोहार, गवंडी अशा परंपरागत व्यवसायांतील घरांना त्यांनी प्राधान्य दिले. नमुन्यांसाठी परदेशी साच्यांऐवजी शहरातील इमारतींकडे पाहिले. सतराव्या शतकातील वझीर खान मशिदीचे भित्तिचित्रण आणि काशीकाम, म्हणजे झिलईदार कौलांची जडणघडण, यांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्या. ही मशीद स्वतःच एक आरेखनशाळा आहे असे त्यांचे मत होते. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या ठोकळेबाज नकाशांवर त्यांनी सातत्याने टीका केली. एकच नकाशा सर्व प्रांतांत वापरला गेला की स्थानिक मिस्त्रीला विचार करण्याचे काम उरत नाही, तो केवळ मजूर होतो, ही त्यांची तक्रार होती.

१८८४ पासून निघालेल्या जर्नल ऑफ इंडियन आर्ट या सचित्र नियतकालिकाचे संपादन त्यांनी केले.

विचारातील पेच

किपलिंग यांच्या भूमिकेला दुसरी बाजूही आहे. कारागिराचा मुलगा कारागीरच व्हावा, त्याच्या घराण्याची रीत शुद्ध राहावी, असा आग्रह परंपरेचे रक्षण करतो. पण त्या मुलाने काय व्हावे हेही तोच ठरवून टाकतो. शाळेतून रेखन शिकलेल्या अनेकांनी बापाच्या दुकानात परत न जाता बांधकाम खात्यात किंवा रेल्वेत आरेखकाची पगारी नोकरी धरली. प्राचार्यांच्या दृष्टीने ही गळती होती, विद्यार्थ्यांच्या दृष्टीने जातीच्या व्यवसायातून बाहेर पडण्याची वाट होती. शिवाय गिरणीच्या आणि कारखान्याच्या मालाने देशी कारागिराचे गिऱ्हाईक तोडले ते ज्या राज्यव्यवस्थेत, तिचेच किपलिंग पगारदार होते. १८७७ च्या दिल्ली दरबाराच्या शोभाकामातही त्यांचा सहभाग होता.

हा पेच भाई राम सिंग यांच्या बाबतीत स्पष्ट होतो. पंजाबातील सुतार समाजातून आलेले राम सिंग हे मेयो शाळेचे पहिल्या काळातील विद्यार्थी. ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या बॅगशॉट पार्क येथील बिलियर्ड दालनाचे लाकूडकाम गुरुशिष्यांनी मिळून केले. त्यानंतर व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बर्न येथील निवासस्थानी १८९०-९१ मध्ये दरबार दालन सजवण्यात आले. तेथील प्रत्यक्ष आरेखन आणि काम राम सिंग यांनी इंग्लंडमध्ये राहून पाहिले. दीर्घकाळ या दालनांचा उल्लेख किपलिंग यांच्या नावाने होत राहिला. राम सिंग पुढे स्वतंत्र वास्तुविशारद म्हणून नावाजले, अमृतसरच्या खालसा कॉलेजचा आराखडा त्यांचा आहे, आणि कालांतराने ते मेयो शाळेचे प्राचार्यही झाले. गुरूने ज्याला कारागीर म्हणून घडवले तो गुरूच्या खुर्चीवर बसला. या शिक्षणपद्धतीच्या बाजूने देता येणारा हा सर्वांत भक्कम पुरावा होय. मुंबईच्या मंडईवर किपलिंग यांच्या हाताखाली राबलेल्यांची नावे मात्र अशी लोकांपुढे आली नाहीत.

निवृत्ती आणि अखेर

१८९३ मध्ये निवृत्त होऊन किपलिंग इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात टिसबरी येथे राहू लागले. भारतातील माणूस आणि प्राणी यांच्या नात्यावरील त्यांचा सचित्र ग्रंथ १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. मुलाच्या जंगल बुकसाठी त्यांनी चित्रे काढली. १९०१ च्या किम या कादंबरीसाठी मात्र त्यांनी कागदावर रेखाटने न करता मातीत पातळ उठावाची शिल्पे घडवली, त्यांची छायाचित्रे घेतली आणि ती पुस्तकात छापली. बर्स्लेममध्ये मातीत हात घालून सुरुवात करणाऱ्या माणसाने चौसष्टाव्या वर्षाच्या आसपास पुन्हा माती हाती घेतली. या कादंबरीच्या आरंभी येणारा लाहोर संग्रहालयाचा वृद्ध, दयाळू अभिरक्षक त्यांच्यावरूनच बेतलेला आहे.

नोव्हेंबर १९१० मध्ये ॲलिस यांचे निधन झाले. पुढच्याच जानेवारीत टिसबरी येथे लॉकवुड किपलिंग यांचा मृत्यू झाला. त्यांच्या कार्यावरील पहिले मोठे प्रदर्शन २०१७ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भरले आणि त्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या बार्ड ग्रॅज्युएट सेंटरमध्येही मांडण्यात आले.